घरून काम केले म्हणजे उत्सर्जन घटले का? एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

पुण्याजवळच्या हिंजवडी आयटी पार्कमधील एका सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रशासन विभागात काम करणाऱ्या ताईंनी विचारले आहे की, कंपनीने आठवड्याच्या पाच कामकाजी दिवसांपैकी दोन दिवस घरून काम करण्याची मुभा दिली आहे, म्हणजे कर्मचाऱ्यांची ये-जा ४० टक्क्यांनी कमी झाली. मग ये-जेतून होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जनही ४० टक्क्यांनी घटले, असे या वर्षीच्या अहवालात लिहावे का? व्यवस्थापनाला हा आकडा आवडला आहे, पण उद्या लेखापरीक्षकाने विचारले तर हिशेब कोणता दाखवायचा, ही त्यांची अडचण आहे.

हा आकडा लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ४० टक्के हा हजेरीचा आकडा आहे. उत्सर्जन मोजायचे ते वाहनाच्या टाकीतल्या इंधनावरून आणि विजेच्या मीटरवरून, आणि ही दोन्ही मापे हजेरीच्या प्रमाणात कमी-जास्त होत नाहीत. कार्यालयीन इमारतींचे ऊर्जा-लेखापरीक्षण आणि त्याला जोडून कार्बनचा हिशेब हे माझे रोजचे काम आहे, आणि त्या अनुभवावरून सांगतो की घरून काम हे उत्सर्जन कमी करण्याचे चांगले साधन होऊ शकते. मात्र ती बचत कोणाच्या वाहनातून, वर्षाच्या कोणत्या महिन्यात आणि कार्यालयाचा कोणता मजला बंद ठेवून मिळाली, हे दाखवता आले पाहिजे.

आधी वाहनांचे पाहू. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, एक लिटर डिझेलमागे सुमारे २.७ किलो, आणि एक किलो सीएनजीमागेही साधारण तेवढाच. तेलविहिरीपासून पंपापर्यंत इंधन आणताना होणारे उत्सर्जन यात धरलेले नाही. ते धरले तर आकडे आणखी वाढतात, पण तुलनेसाठी तूर्त एवढे पुरेसे आहे. कोथरूड डेपोपासून हिंजवडी फेज तीनपर्यंत चांदणी चौक, बाह्यवळण रस्ता आणि वाकडमार्गे साधारण २० किलोमीटर पडतात, म्हणजे जाऊन-येऊन ४०. भूमकर चौकातली आणि शिवाजी चौकातली कोंडी जमेस धरून पेट्रोल कारचे अ‍ॅव्हरेज १२ मानले, तर एकट्याने कार चालवत येणाऱ्या माणसाचे दिवसाला सव्वातीन लिटरच्या वर पेट्रोल जळते आणि साडेसात किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्याच रस्त्याने, तेवढेच अंतर, ४५चे अ‍ॅव्हरेज देणाऱ्या दुचाकीवरून येणाऱ्याचे उत्सर्जन दोन किलोच्या आसपास राहते. कंपनीच्या बसमध्ये तीस माणसे बसली असतील आणि बस लिटरला चार किलोमीटर जात असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला एक किलोपेक्षाही कमी येते. वाकडहून फेज एकमध्ये चार-पाच किलोमीटर स्कूटरवर येणाऱ्याचा हिशेब तर अर्ध्या किलोच्या आत संपतो.

एकाच कंपनीत, एकाच दिवशी, घरी थांबलेल्या दोन माणसांच्या बचतीत पंधरा-वीस पटींचा फरक पडू शकतो. आपल्याकडे, विशेषतः पुण्यात, दुचाकीवरून कामाला येणाऱ्यांची संख्या मोठी असल्यामुळे हा मुद्दा अमेरिकेपेक्षा कितीतरी अधिक महत्त्वाचा ठरतो. तिथे बहुतेक माणसे एकट्याने मोटार चालवत कामाला जातात, म्हणून तिथल्या अभ्यासांतली टक्केवारी उचलून आपल्या अहवालात लावणे मला मुळीच पटत नाही.

मुंबईच्या कार्यालयांना तर हे अधिकच लागू आहे. डोंबिवलीहून किंवा विरारहून लोकलने येणारा कर्मचारी रोज शंभर-सव्वाशे किलोमीटरचा प्रवास करत असला, तरी लोकल विजेवर चालते आणि डबे खच्चून भरलेले असतात, त्यामुळे दर प्रवासी-किलोमीटरला उत्सर्जन दहा ग्रॅमच्या आसपासच येते. शिवाय तो घरी राहिला म्हणून एकही लोकल कमी धावत नाही. त्याच्या जागी दारात लोंबकळणारा एखादा आत सरकतो, एवढेच. त्या माणसाचे रोजचे तीन-चार तास आणि पाठीचे हाल वाचतात, आणि घरून काम देण्यासाठी ते कारण माझ्या दृष्टीने पुरेसे आहे; परंतु त्याला उत्सर्जनातली मोठी बचत म्हणून दाखवणे बरोबर नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू, म्हणजे घरचा मीटर. देशाच्या वीजजाळ्यातील एका युनिटमागे होणारे उत्सर्जन केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी प्रसिद्ध करते आणि अलीकडच्या वर्षांत ते सुमारे ०.७ किलो आहे. साधा पंखा ७५ वॅटचा असतो. आठ तास चालला तर ०.६ युनिट. एक ट्यूबलाइट धरली तर पाऊण युनिट होते, म्हणजे अर्धा किलो उत्सर्जन. लॅपटॉप यात धरू नये, कारण तो कार्यालयातही चाललाच असता. वायफायचा राउटर चोवीस तास चालूच असतो. काही घरांत तर हे अर्धा किलोसुद्धा धरण्याची गरज नसते. दिवाणखान्यात आजी-आजोबा बसलेले असतील आणि सून त्याच खोलीत कोपऱ्यातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली असेल, तर पंखा तसाही फिरतच होता.

पण त्याच घरात बेडरूमचे दार लावून एसी सुरू झाला की गणित पार बदलते. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी एप्रिल-मेच्या दुपारी तासाला साधारण एक युनिट घेतो. आठ तासांचे आठ युनिट, म्हणजे साडेपाच किलोहून अधिक उत्सर्जन. दुचाकीवरून येणाऱ्या कर्मचाऱ्याने घरी थांबून दोन किलो वाचवले आणि साडेपाच किलो खर्च केले, असा हा व्यवहार होतो. त्यातही कार्यालयाला उच्चदाब जोडणी असते आणि घराला लघुदाब, त्यामुळे घरी पोहोचणाऱ्या प्रत्येक युनिटमागे वाटेतली गळती जास्त असते. कारवाल्याचे मात्र एवढे करूनही दोन किलो शिल्लक राहतात. आणि एसी २२ ऐवजी २६ अंशांवर ठेवून वर पंखा लावला तर विजेची बरीच बचत होते; ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो दर अंशामागे सुमारे सहा टक्के बचत सांगतो आणि जानेवारी २०२० पासून तारांकित एसी मुळातच २४ अंशांवर सुरू होतील अशी सक्तीही झाली आहे. तरीही घरात कोण किती अंशांवर ठेवतो यावर कंपनीचा काही ताबा नसतो, हे लक्षात ठेवावे.

हा निष्कर्ष काही माझ्या एकट्याचा नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने जून २०२० मध्ये असाच ताळेबंद मांडला होता. घरून काम करणे शक्य असलेल्या जगातल्या सर्वांनी आठवड्यातून एक दिवस घरी थांबायचे ठरवले तर रस्त्यावरील प्रवासी वाहतुकीला लागणाऱ्या तेलापैकी सुमारे एक टक्का वाचेल आणि घरांतली वाढलेली वीज वजा करूनही वर्षाला २४० लाख टन कार्बन डायऑक्साइड कमी होईल, असा त्यांचा अंदाज होता. त्याच विश्लेषणात असेही म्हटले होते की, घरून कामाच्या दिवशी घरातला ऊर्जावापर ७ ते २३ टक्क्यांनी वाढू शकतो, आणि ज्याचे कार्यालय कारने सहा किलोमीटरच्या आत आहे किंवा जो सार्वजनिक वाहनाने जातो, त्याने घरी थांबल्याने उत्सर्जन उलट वाढण्याची शक्यता आहे. पहिले वाक्य सगळीकडे उद्धृत झाले; दुसरे फारसे कोणी वाचले नाही.

कॉर्नेल विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेला अमेरिकेतील कर्मचाऱ्यांचा अभ्यास आपल्या प्रश्नाला अधिक जवळचा आहे. पूर्णवेळ घरून काम करणाऱ्यांचा कार्बनभार पूर्णवेळ कार्यालयात येणाऱ्यांपेक्षा ५४ टक्क्यांपर्यंत कमी असू शकतो. आठवड्यातून दोन ते चार दिवस घरून काम करणाऱ्यांचा ११ ते २९ टक्के. आणि फक्त एक दिवस घरी थांबणाऱ्यांचा अवघा दोन टक्के. पाचातला एक दिवस म्हणजे २० टक्के हजेरी कमी, आणि फळ दोन टक्क्यांचे. असे का होते, तर एका दिवसासाठी कोणी कार्यालयाची जागा कमी करत नाही, खुर्ची आणि तिच्या डोक्यावरचा एसी पाचही दिवस ठेवावाच लागतो, आणि वाचलेल्या प्रवासाची जागा इतर फेऱ्या घेतात. घरून कामाच्या ऊर्जावापरावरील ३९ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२० मध्ये निघाला होता, त्यात २६ अभ्यासांना घट दिसली. पण ज्यांनी प्रवासापलीकडचे परिणामही जमेस धरले होते, त्यांच्याकडे घट लहान आणि अनिश्चित होती.

आपल्या कंपनीसाठी हे कसे मांडावे, ते शंभर कर्मचाऱ्यांचे एक काल्पनिक उदाहरण घेऊन दाखवतो. आकडे माझे गृहीतक आहेत. आपल्या कंपनीचे खरे आकडे यात भरावेत. समजा, २५ जण एकट्याने कार घेऊन येतात आणि जाऊन-येऊन ३६ किलोमीटर चालवतात; प्रत्येकी ६.९ किलो, एकूण १७२. दुचाकीवाले ४५, त्यांचे अंतर २७ किलोमीटर, प्रत्येकी १.४ किलो, एकूण ६२. कंपनीच्या एका बसने २० जण येतात. बसचे ४० किलोमीटरचे डिझेल १० लिटर, म्हणजे २७ किलो. उरलेले दहा चालत, पीएमपीएमएलच्या शहर बसने किंवा मेट्रोने येतात, त्यांचे मिळून चार किलो. बेरीज २६५ किलो. पाव भाग माणसे कारने येतात आणि जवळपास दोन तृतीयांश उत्सर्जन त्यांचे आहे, हे इथेच नोंदवून ठेवावे.

आता दररोज यांतले ४० जण आळीपाळीने घरी राहतात असे धरू. कारचे ६९ आणि दुचाकींचे २५ किलो वाचले. बस मात्र वीसऐवजी बारा जणांना घेऊन तेवढीच धावली, तिच्या डिझेलमध्ये काहीच फरक पडला नाही, आणि पीएमपीएमएलची गाडीही कोणासाठी थांबली नाही. म्हणजे बचत ९४ किलोंची, ३५ टक्के, चाळीस नाही. मे महिन्यात घरी थांबलेल्यांपैकी १५ जणांनी सहा-सहा तास एसी लावला तर ६३ किलो, आणि उरलेल्या २५ जणांचे पंखे-दिवे १३ किलो, असे ७६ किलो घरच्या मीटरवर चढले. निव्वळ बचत १८ किलो, म्हणजे सात टक्क्यांच्या आत. डिसेंबरमध्ये पंखाही लागत नाही, तेव्हा चाळीस घरांचा मिळून वाढीव भार पाच किलोच्या आत राहतो आणि बचत ३३-३४ टक्क्यांवर जाते. एकच धोरण, एकच कंपनी, आणि उन्हाळ्यात व हिवाळ्यात पाचपट फरक. वार्षिक सरासरी काढायला हरकत नाही, परंतु ती डिसेंबरच्या प्रश्नावलीवरून काढू नये.

या हिशेबात अजून कार्यालय आलेलेच नाही, आणि खरी मेख तिथे आहे. वातानुकूलित कार्यालयात दर चौरस मीटरमागे वर्षाला दीडशे ते दोनशे युनिट वीज लागणे सामान्य आहे. मधला आकडा म्हणून १८० घेतला आणि एका खुर्चीमागे मार्गिका, बैठकीच्या खोल्या, कॅन्टीन मिळून १०० चौरस फूट धरले, तर खुर्चीमागे वर्षाला सुमारे १६७५ युनिट आणि कामाच्या अडीचशे दिवसांनी भागल्यास दिवसाला ६.७ युनिट येतात. सर्व्हर रूम, तिचा स्वतंत्र एसी, यूपीएस, सुरक्षा व्यवस्था हे कधीच बंद होत नाही. पण मजला खरोखर बंद केला तर साधारण साठ टक्के भार उतरवता येतो, म्हणजे खुर्चीमागे चार युनिट, २.८ किलो. रोजच्या सरासरीने चाळीस खुर्च्यांचे ११२ किलो होतात. वर रस्त्यावर जे ९४ किलो वाचले होते, त्यांपेक्षा हे जास्त आहेत, आणि उन्हाळ्यात घरोघरी लागलेल्या एसींची भरपाई यातूनच होऊ शकते.

मात्र त्यासाठी मजला बंद व्हावा लागतो, आणि तो सहसा होत नाही. एका कार्यालयाच्या तपासणीसाठी शुक्रवारी दुपारी गेलो होतो. दोनशेहून अधिक खुर्च्यांचा मजला, त्यावर मोजकी दहा-बारा माणसे, तीही चार कोपऱ्यांत विखुरलेली, कारण प्रत्येकाला आपलीच नेहमीची जागा हवी होती. छतातल्या हवेच्या झोताचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता, एरवी तो माणसांच्या गलक्यात दबलेला असतो. एका बाईंनी खुर्चीच्या पाठीवरची शाल अंगावर ओढून घेतली होती. हवा खेळवणारे यंत्र पूर्ण वेगाने सुरू होते, कारण त्याच्या मोटरला वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी बसवलेला असला तरी तो हाताने शंभर टक्क्यांवर अडकवून ठेवला होता. पूर्वी केव्हा तरी एका साहेबांनी उकडतंय अशी तक्रार केली होती, तेव्हापासून. देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाला विचारले, तर तो म्हणाला, ‘‘साहेब, एक माणूस असला तरी प्लांट चालू ठेवावाच लागतो.’’ त्याचे चुकत नव्हते. त्या मजल्याची वाहिनी एकसंध होती, विभागवार झडपा नव्हत्या, आणि बारा माणसांना एका कोपऱ्यात बसवण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता.

अशा ठिकाणी घरून काम करणे म्हणजे एकाच माणसासाठी दोन ठिकाणी थंडावा निर्माण करणे होय. चिलरला, म्हणजे गारवा देणाऱ्या मुख्य यंत्राला, भार कमी मिळाला की तो थोडी वीज कमी घेतो हे खरे, पण माणसे चाळीस टक्क्यांनी घटली म्हणून वीज चाळीस टक्क्यांनी घटत नाही; पंप, पंखे आणि दिवे यांना माणसांची संख्या कळत नाही, आणि अर्ध्याहून कमी भारावर अनेक जुन्या चिलरची कार्यक्षमताही खालावते. आपल्या कंपनीच्या वीजबिलांतून हे सहज तपासता येईल. मंगळवार ते गुरुवारचा वापर आणि सोमवार व शुक्रवार या दोन दिवसांचा वापर वेगळा काढावा. हजेरी निम्मी असूनही युनिट दहा-बारा टक्क्यांनीच कमी दिसत असतील, तर बचतीची जागा सापडली असे समजावे.

म्हणून माझी पहिली शिफारस वाहतूक विभागाला नसून मनुष्यबळ विभागाला आहे. कोणते दोन दिवस घरी थांबायचे हे ज्याच्या-त्याच्या मर्जीवर सोडले की सगळे सोमवार-शुक्रवार निवडतात, तरीही कोणी ना कोणी येतेच, आणि बंद काहीच करता येत नाही. मजल्याप्रमाणे किंवा चमूप्रमाणे दिवस ठरवून द्यावेत. ज्यांना त्या दिवशी यावेच लागते त्यांच्यासाठी एकच विभाग उघडा ठेवावा. त्या दिवसाच्या बसफेऱ्याही मग खरोखर रद्द होतात. वरच्या उदाहरणात तेवढ्याने रोजच्या सरासरीने आणखी अकरा किलो वाचतात. कर्मचाऱ्यांना हे आवडत नाही, याची मला कल्पना आहे. लवचीकता हीच घरून कामाची गोडी असते. तेव्हा ज्यांना लवचीकता द्यायची त्यांना ती जरूर द्यावी, पण तिचे श्रेय अहवालातल्या कार्बनच्या रकान्यात घेऊ नये.

अहवालाची चौकट थोडक्यात सांगतो. हरितगृह वायू प्रोटोकॉल ही उत्सर्जनाच्या हिशेबाची जगभर वापरली जाणारी नियमावली. तिच्यात कंपनीने स्वतः जाळलेले इंधन स्कोप १मध्ये, विकत घेतलेली वीज स्कोप २मध्ये आणि बाकीचे अप्रत्यक्ष उत्सर्जन स्कोप ३मध्ये येते. तिच्या २०११च्या मूल्यसाखळी मानकात स्कोप ३चे पंधरा प्रवर्ग आहेत आणि कर्मचाऱ्यांची ये-जा सातव्या प्रवर्गात येते. घरून काम करताना होणारे उत्सर्जनही त्याच प्रवर्गात धरण्याची मुभा आहे. ती मुभा आहे, सक्ती नाही, आणि गोंधळ इथेच होतो. कार्यालयाची वीज कंपनीच्या स्कोप २मध्ये मोजली जाते. तोच वापर कर्मचाऱ्याच्या घरी गेला की तो स्कोप २मधून उतरतो, आणि सातव्या प्रवर्गात घेतला नाही तर कागदावरून नाहीसाच होतो. हवेत मात्र तो गेलेलाच असतो, आणि महावितरणचे बिल कर्मचारी भरत असतो, वर पुढच्या टप्प्याच्या चढ्या दराने. सेबी या भांडवली बाजाराच्या नियामक संस्थेने बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून व्यवसाय उत्तरदायित्व आणि शाश्वतता अहवाल बंधनकारक केला आहे. त्यात स्कोप १ आणि २ आवश्यक निर्देशकांत आहेत, तर स्कोप ३ ऐच्छिक म्हणजे नेतृत्व निर्देशकांत आहे. आपण ऐच्छिक माहिती देणारच असाल, तर घरची वीज धरूनच द्यावी. आकडा लहान दिसेल, पण तपासणीत टिकेल.

तुलनेचे आधारवर्षही जपून निवडावे. काही कंपन्या २०२०-२१शी तुलना करतात आणि मग ये-जा वाढलेली दिसते म्हणून गोंधळतात. काही २०१९-२०शी तुलना करून सगळी घट घरून कामाच्या नावावर टाकतात. टाळेबंदीच्या काळात, एप्रिल २०२०च्या सुरुवातीला, जगाचे दैनंदिन कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन २०१९च्या सरासरीपेक्षा सुमारे १७ टक्क्यांनी घसरले होते आणि त्यातला जवळपास निम्मा वाटा रस्ते वाहतुकीसह जमिनीवरील वाहतुकीचा होता. पण तेव्हा दुकाने, शाळा, कारखाने, सगळेच बंद होते. ती घसरण घरून कामाचा पुरावा म्हणून दाखवणारी सादरीकरणे मी अजूनही पाहतो. दिल्लीत हिवाळ्यातल्या प्रदूषणामुळे कार्यालयांतील निम्म्या कर्मचाऱ्यांना घरून काम करायला सांगितले जाते, तेही वेगळे प्रकरण आहे. तिथे चिंता धूलिकणांची असते, आणि त्या हिशेबात जुन्या डिझेल गाडीचे वजन कार्बनच्या हिशेबापेक्षा बरेच जास्त ठरते.

वाचलेल्या प्रवासाचे पुढे काय होते, हा प्रश्न मोजायला सर्वांत अवघड आहे आणि म्हणून बहुतेक वेळा गाळला जातो. कार्यालयातून परतताना वाटेत भाजी, औषधे, मुलाला शिकवणीहून आणणे ही कामे एकाच फेरीत होत होती. घरी असल्यावर त्यांच्यासाठी स्वतंत्र गाडी निघते. एका घरी विचारपूस करताना असे दिसले की, पती घरी थांबतो त्या दिवशी एरवी पीएमपीएमएलने जाणारी पत्नी मोकळी असलेली कार घेऊन जाते. घराच्या दृष्टीने सोय झाली, कंपनीच्या कागदावर बचत झाली, आणि रस्त्यावर तीच गाडी धावली.

त्याहून मोठा परिणाम वस्तीच्या अंतराचा असतो. आठवड्यातून पाच दिवस यायचे असेल तर माणूस बाणेर-वाकडला घर शोधतो. दोनच दिवस यायचे म्हटल्यावर तळेगाव चालते, आणि कोणी तर साताऱ्याला आपल्या घरी राहून ये-जा करतो. साताऱ्याहून हिंजवडी एका बाजूने शंभर किलोमीटरहून अधिक आहे. आठवड्यात एक फेरी मारून मित्राकडे मुक्काम केला तरी २३० किलोमीटरच्या आसपास होतात, आणि कोथरूडहून पाच दिवस येणाऱ्याचे २००. साताऱ्याच्या घरी आई-वडिलांजवळ राहता येते, घरभाडे वाचते, हे मोल मोठे आहे आणि त्याबद्दल कोणी नाक मुरडू नये; फक्त त्याला कार्बनची बचत म्हणता येत नाही. तो एसटीने आला तर म्हणता येईल, एकट्याने कारने आला तर नाही.

व्हिडिओ कॉल आणि इंटरनेट यांच्या उत्सर्जनाबद्दल बरेच लिहिले जाते. तासाभराच्या कॉलचे उत्सर्जन ग्रॅमांत मोजावे लागते, त्यामुळे कार आणि एसी यांच्यापुढे ते या हिशेबात सोडून दिले तरी चालेल.

माहिती गोळा करण्याविषयी मात्र काटेकोर राहावे. हजेरी प्रश्नावलीतून विचारू नये, ती प्रवेशद्वारावरच्या कार्डाच्या नोंदीतून घ्यावी. लोक आपण किती दिवस येतो हे नियमाप्रमाणे सांगतात, प्रत्यक्षाप्रमाणे नाही. प्रश्नावलीत वाहन, इंधन, सोबत किती जण असतात, घराचा पिन कोड, आणि घरून कामाच्या दिवशी एसी किती तास चालतो एवढेच विचारावे, आणि ती वर्षातून दोनदा, एकदा मेमध्ये आणि एकदा डिसेंबरमध्ये भरून घ्यावी. पावसाळ्यात दुचाकीवाले कारकडे वळतात, म्हणून जमल्यास जुलैतही घ्यावी. कंपनीच्या कॅबचा हिशेब प्रवाशांच्या अंतरावर करू नये, ट्रिप शीटवरील एकूण किलोमीटरवर करावा. शेवटच्या माणसाला सोडून रिकामी परतणारी कॅब आणि सकाळी पहिल्या माणसाकडे रिकामी जाणारी कॅब यांचे किलोमीटर एरवी कोणाच्याच खात्यात पडत नाहीत. विजेवरच्या वाहनांना शून्य धरण्याची चूकही वारंवार दिसते. विजेवरची स्कूटर किलोमीटरला साधारण ३० वॅट-तास घेते, म्हणजे आजच्या वीजजाळ्यावर २० ग्रॅम. कार सुमारे १५० वॅट-तास, म्हणजे शंभर ग्रॅमच्या वर. पेट्रोल दुचाकीचे ५० ग्रॅम असतात, हे शेजारी लिहिले की विजेवरच्या कारने एकट्याने येणाऱ्याला घरी थांबवण्यात अजूनही अर्थ आहे, हे दिसते.

हे सगळे करून आपल्या हाती जो आकडा येईल तो बहुधा दहा आणि तीस टक्क्यांच्या मध्ये कुठे तरी असेल. मजले बंद केले नाहीत तर खालच्या टोकाला. अहवालात तो असा लिहावा: आठवड्यातील दोन दिवस घरून काम केल्यामुळे ये-जेतील उत्सर्जन इतक्या टनांनी घटले, घरातील वाढीव विजेचे इतके टन त्यातून वजा केले आहेत, कार्यालयातील विजेतली घट स्कोप २मध्ये वेगळी दाखवली आहे, आणि गृहीतके अमुक आहेत. पुढच्या वर्षी तोच तक्ता, तीच पद्धत, फक्त नवे आकडे. व्यवस्थापनाला मोठा आकडाच हवा असेल, तर त्यांना सोमवार आणि शुक्रवारी एक-एक मजला संपूर्ण बंद ठेवण्याचा आदेश काढायला सांगावे, आणि त्यानंतरच्या तीन महिन्यांची बिले आल्यावर पुन्हा बसावे.